मोबाईल, पैसे आणि फसवणूक: इंदूरच्या मराठी घरांतून नेहमी येणारे प्रश्न

राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग, स्नेहलतागंज. या भागांतून मला हे प्रश्न सतत येत असतात, कधी व्हॉट्सॲपवर, कधी भाजी घेताना उभ्याउभ्या. बँकेच्या काऊंटरवर ३१ वर्षं काढली, त्यामुळे पैशाचं काही अडलं की लोक मला विचारतात. विचारावंच. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत.

तुमचे पैसे आत्ताच, तासा-दोन तासांत गेले असतील तर हे वाचत बसू नका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा आणि मग प्रश्न ११ वर या.

१. वीजबिल, मालमत्ता कर मोबाईलवरून भरणं सुरक्षित आहे का? की आपली रांगच बरी?

भरा, बिनधास्त भरा. रिक्षाचं भाडं वाचतं, उन्हातली रांग वाचते आणि शेवटची तारीख चुकली तर लागणारा अधिभार वाचतो. फक्त सुरुवात तुमच्या हातून झाली पाहिजे. ॲप तुम्ही उघडायचं, बिलावरचा आयव्हीआरएस क्रमांक तुम्ही टाकायचा, समोर आलेलं नाव आणि रक्कम कागदी बिलाशी ताडून बघायची, मग पैसे भरायचे. पावतीचा स्क्रीनशॉट ठेवायचा.

पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत येईल. आपण शोधत गेलो की इंटरनेट सहसा फायद्याचं ठरतं. कोणी आपल्याला शोधत आलं की सावध व्हायचं. दारावर अनोळखी माणूस आला तर आपण आधी जाळीच्या दारातूनच बोलतो ना? लिंक, फोन, ऑफर यांच्याशीही तसंच बोलायचं.

२. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल" असा मेसेज आलाय. काय करू?

काही करू नका. मेसेजमधल्या नंबरावर फोन तर मुळीच करू नका.

मागच्या थंडीत आमचे शेजारी काका रात्री सव्वानऊला असे दारात आले. पायांत चपला नव्हत्या, चष्मा कपाळावर, हातात फोन. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालं नाही, ताबडतोब अमुक अधिकाऱ्याला फोन करा, आणि खाली एक साधा दहा आकडी मोबाईल नंबर. घरी काकूंना ऑक्सिजनचं मशीन लावलेलं, त्यामुळे काकांना धड बोलताही येत नव्हतं. बिल त्यांनी पाच तारखेलाच भरलं होतं. पावती देवघराच्या ड्रॉवरमध्येच होती.

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री सांगून रात्रीच वीज तोडायची पद्धत कायद्यात बसत नाही. शंका असेल तर वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर विचारा. त्या दहा आकडी नंबरावर फोन केलात तर पलीकडचा माणूस "फक्त १० रुपये भरून नंबर अपडेट करा" म्हणतो आणि त्यासाठी एक ॲप उतरवायला लावतो. त्या ॲपने तुमची स्क्रीन त्याला दिसायला लागते. पिन, ओटीपी सगळंच.

३. मेसेज किंवा फोन बँकेचाच आहे हे ओळखायचं कसं?

आधी वेबसाईट. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" ने संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, आणि असा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. पत्त्याचा शेवट बघायचा. सुरुवातीला बँकेचं नाव कोणीही घुसवू शकतो.

एसएमएस असेल तर तो कोणत्या नावावरून आलाय ते बघा. नोंदणीकृत संस्थेचा मेसेज अक्षरी नावावरून येतो आणि त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. "तुमचं केवायसी संपलं" असा मेसेज साध्या मोबाईल नंबरावरून आला तर तिथेच विषय संपला. फोनसाठी बँकांना १६०० ने सुरू होणारे क्रमांक दिले आहेत, जाहिरातीचे फोन १४० वरून येतात.

तरीही फोन १६०० वरून आला म्हणून ओटीपी सांगायचा नाही. ओटीपी, पिन आणि कार्डामागचे तीन आकडे बँकेतल्या कोणालाही कधीच लागत नाहीत. ३१ वर्षांत मला एकदाही लागले नाहीत.

४. जुना सोफा विकायला टाकलाय. घेणारा म्हणतो क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका की पैसे येतील. टाकू का?

नाही. यूपीआयमध्ये पिन टाकला की पैसे जातात. पैसे येण्यासाठी पिनही लागत नाही आणि स्कॅनही करावं लागत नाही. हा माणूस बहुतेक वेळा "मी सैन्यात आहे, बदली झालीय, वस्तू न बघताच घेतो" असं सांगतो, कारण गणवेशावर आपला विश्वास असतो. पूर्वी हे लोक पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवून फसवायचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीला अशी रिक्वेस्ट पाठवणं बंद झालं आहे, त्यामुळे आता सगळा भर क्यूआरवर आहे. "सोफा घरी येऊन बघा, रोख द्या" म्हणा. तो परत फोन करणार नाही.

५. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि तिथेच फसलो. असं कसं होतं? मी तर स्वतःच शोधत गेलो होतो.

हा प्रश्न योग्य आहे, कारण प्रश्न १ मधल्या नियमाची पळवाट इथेच आहे. शोधल्यावर वर दिसणारा नंबर कंपनीचाच असतो असं नाही. जाहिरात देऊन किंवा नकाशावर खोटी नोंद करून भामटे आपला नंबर तिथे आणतात. म्हणून नंबर शोधायचाच नाही, तो आपल्याकडे असलेल्या वस्तूवर बघायचा: कार्डाच्या मागे, पासबुकावर, बिलावर, फ्रिजच्या वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या ॲपमधल्या मदतीच्या पानावर. पैसे परत देण्यासाठी समोरच्याने कुठलंही ॲप उतरवायला सांगितलं तर फोन ठेवा.

६. ओळखीच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली, उघडली, पण उघडलीच नाही. आता फोन विचित्र वागतोय.

ही सगळ्यात घातकी युक्ती आहे, कारण ती आपल्या घरच्यांच्या नावाने येते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. फाईलच्या नावाच्या शेवटी "डॉट एपीके" असेल तर ते ॲप आहे. तुम्ही "इन्स्टॉल" आणि पाठोपाठ "अलाऊ" दाबलंत की ते तुमचे एसएमएस वाचायला लागतं, म्हणजे ओटीपी न सांगताच चोराच्या हातात. मग तीच फाईल तुमच्या नावाने सगळ्या ओळखीच्यांना जाते. वाहतूक चलान, पीएम किसान, गॅस सबसिडी या नावांनीही अशाच फाईली फिरतात. चलान खरंच आहे का हे बघायचं असेल तर परिवहन खात्याच्या ई-चलान वेबसाईटवर गाडीचा नंबर टाकून बघा.

दाबलं गेलं असेल तर लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड बंद करून घ्या. पैसे गेले असतील तर १९३०. मग फोन जाणकाराकडे नेऊन फॅक्टरी रीसेट करून घ्या. नुसतं ॲप काढून भागतंच असं नाही. नंतर ##००२# डायल करा, म्हणजे कोणी तुमचे फोन दुसरीकडे वळवून ठेवले असतील तर ते रद्द होतील. आणि ज्यांना ती फाईल गेली त्या सगळ्यांना एकेक फोन करा. माझ्या वहिनीने लाजेपोटी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही, आणि तेवढ्यात तिच्या नावाने आलेली पत्रिका तिच्या मावसबहिणीने उघडली.

७. "डिजिटल अरेस्ट" खरंच असतं का? व्हिडिओवर पोलीस गणवेशात दिसत होते.

नसतं. भारतातल्या कुठल्याही कायद्यात असा प्रकार नाही. खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात" मध्ये हे सांगितलं होतं. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम्स, न्यायालय, यांतलं कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि "तपासासाठी" पैसे कुठल्या खात्यात भरायला सांगत नाही. चौकशीला बोलावणारी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीससुद्धा पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिका सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत बेडरूमचं दार लावून फोनसमोर बसून होत्या. तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, कॅमेऱ्यासमोरून हललात तर घरी गाडी येईल, मुलाला सांगितलंत तर त्यालाही धरू. पाणी प्यायलाही त्या विचारून उठत होत्या. कामवाल्या मावशी आल्या, बेल वाजवत राहिल्या, दार उघडेना म्हणून मागच्या गॅलरीतून हाका मारायला लागल्या. त्या हाकांनी बाईंची तंद्री मोडली आणि त्यांनी फोन उलटा ठेवला. पैसे वाचले, पण पुढे कित्येक दिवस फोन वाजला की त्यांचे हात थरथरायचे.

बाई हुशार आहेत. माणसाला एकटं पाडलं की त्याचं शहाणपण चालत नाही, आणि "कोणाला सांगू नका" हे वाक्य त्यासाठीच असतं. ते वाक्य ऐकलं की फोन बंद करून शेजारी जाऊन बसा. आणि एक विनंती. एफडी मोडायला गेल्यावर काऊंटरवरच्या मुलीने कारण विचारलं तर रागावू नका. ती तुमच्यासाठीच विचारते आहे.

८. फसवणुकीचं खूप झालं. खरंच पैसे कुठे वाचतात ते सांगा.

सगळ्यात जास्त औषधांत. ज्या घरात बीपी आणि साखरेच्या गोळ्या रोज लागतात, तिथे "जनऔषधी सुगम" ॲप पहिल्या दिवशी उतरवावं. त्यात औषधातल्या मूळ घटकाचं नाव टाकलं की जनऔषधी केंद्रातली किंमत दिसते आणि जवळचं केंद्रही सापडतं. ब्रँडची गोळी आणि जनऔषधीतली गोळी यांच्या किमतीतला फरक बघून लोक गप्प होतात. मात्र गोळी बदलण्याआधी डॉक्टरांना ती पट्टी दाखवा. थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करणारी औषधं यांत तर विचारल्याशिवाय बदल नको. ब्रँडचंच औषध घ्यायचं असेल तर "फार्मा सही दाम" वर त्याची किंमत तपासता येते.

किराण्यात पाकिटाची किंमत बघू नका, किलोमागे किंवा लिटरमागे किती पडतं ते बघा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही.

९. पुण्याच्या बसचं तिकीट दिसलं एका किमतीला, शेवटी पैसे जास्तच गेले. ही फसवणूक नाही का?

शेवटच्या पानावर काय काय जोडलं गेलंय ते बघा. आधीच टिक केलेला प्रवासविमा, देणगी, "प्रीमियम मदत". न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, खोटी घाई दाखवणं अशा १३ युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. त्या टिक काढा आणि मग एकूण रकमेची तुलना करा. पैसे कापले गेले असतील तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. स्क्रीनशॉट असेल तर काम सोपं होतं.

१०. सराफ्यात दागिना घेताना इंटरनेटचा काही उपयोग?

चांगला उपयोग आहे. "बीआयएस केअर" ॲप उतरवून जा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असणं सक्तीचं आहे. दुकानात भिंग मागा, ते देतात. तो क्रमांक ॲपमध्ये टाका आणि शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार हातातल्या वस्तूशी जुळतो का बघा. ॲप बांगडी म्हणत असेल आणि हातात अंगठी असेल तर उठा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना ही सक्ती नाही, म्हणून चमकी किंवा बारीक मंगळसूत्राच्या मण्यांवर क्रमांक दिसला नाही तर लगेच दुकानदारावर संशय घेऊ नका. पक्कं बिल मात्र घ्याच.

११. पैसे गेले. नेमकं काय करायचं?

१९३०. आधी हाच फोन, बँकेत धावत जाण्याआधी. चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात ढकलत असतो. १९३० वरची नोंद त्या खात्यांच्या बँकांपर्यंत जाते आणि पैसे जिथे अजून पडून असतील तिथे अडवता येतात. एकदा एटीएममधून रोख निघाली की हातात काही उरत नाही. म्हणून मिनिटं मोजायची.

फोन लावताना हे जवळ ठेवा: तुमचा खातेक्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयमध्ये हा १२ आकडी असतो आणि व्यवहारावर दाबलं की दिसतो. मग बँकेला कळवून खातं आणि कार्ड बंद करा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर सविस्तर तक्रार भरा. मेसेज, कॉलचा इतिहास, चॅट, काहीही पुसू नका. रागाने किंवा लाजेने लोक सगळं डिलीट करतात आणि पुरावाच जातो.

आणखी एक. थोड्या दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फी भरा" असा फोन येऊ शकतो. तोही चोरच.

१२. बँक पैसे परत देते का? ओटीपी मीच सांगितला होता.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची काहीच चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास तुमचं नुकसान शून्य. कामकाजाच्या चार ते सात दिवसांत कळवल्यास नेहमीच्या बचत खात्यासाठी तुमच्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार येतो. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणावर.

ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून "चूक माझीच, आता कशाला सांगू" म्हणून गप्प बसलात तर स्वतःचंच आणखी नुकसान कराल. काऊंटरवर मी अशी माणसं पाहिली आहेत, पासबुक भरून घेऊन न बोलता निघून जाणारी. चोरी झाली की चोराला लाज वाटायला हवी, तुम्हाला नाही.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती मोफत आहे. माहितीसाठी १४४४८.

१३. एक आकडा चुकला आणि पैसे भलत्याच माणसाला गेले. १९३० लावू का?

ही फसवणूक नाही, चूक आहे. यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार टाका आणि आपल्या बँकेत लेखी अर्ज द्या. ज्याला पैसे गेले त्याची संमती लागते, त्यामुळे वेळ जातो.

१४. उलट झालं तर? अनोळखी माणूस म्हणतो, चुकून तुम्हाला पाच हजार पाठवले, परत करा.

आधी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. एसएमएस बघू नका, तो बनावट असू शकतो. पैसे आलेच नसतील तर विषय संपला. खरंच आले असतील तर तुम्ही स्वतः परत पाठवू नका, तो सांगेल त्या तिसऱ्याच नंबरावर तर नाहीच. "माझ्या बँकेला कळवलंय, तुम्ही तुमच्या बँकेतून मागवा" एवढं सांगा. हे पैसे एखाद्या फसलेल्या माणसाचे असू शकतात, आणि तसं असेल तर पुढचा प्रश्न तुमचा होतो.

१५. मी घरून लोणची-पापड विकते. एका गिऱ्हाईकाने पैसे दिले आणि माझं खातंच गोठवलं. माझा काय दोष?

दोष नाही, पण साखळीत तुमचं खातं आलंय. गिऱ्हाईकाने दिलेले पैसे चोरीचे निघाले की तपास तुमच्यापर्यंत येतो. बँकेकडून लेखी विचारा: कोणत्या राज्याच्या पोलिसांनी, कुठल्या तक्रारीवरून, किती रकमेसाठी खातं अडवलंय. त्या पोलिसांना ऑर्डरचा मेसेज, बिल आणि कुरिअरची पावती पाठवा. पूर्ण खातं सोडून फक्त वादातली रक्कम अडवावी असा अर्ज करा. धंद्याचं खातं आणि घरखर्चाचं खातं वेगळं ठेवलं असतं तर दूध आणि औषधं अडली नसती, म्हणून आजच वेगळं करा.

तुमच्या मुलाला कोणी "खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो" म्हणत असेल, तर तो मुलगा गुन्ह्यात अडकतो आहे. घरात हे आज रात्रीच बोला.

१६. शेअरच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना नफा होतोय. ॲपमध्ये मलाही दिसतोय.

दिसतोय, पण काढून बघा. निघणार नाही, आधी "कर" भरा म्हणतील. सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदलेल्या दलालांच्या यूपीआय पत्त्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून "ॲट व्हॅलिड" असतं. पैसे एखाद्या माणसाच्या किंवा ट्रेडिंग कंपनीच्या खात्यात मागत असतील तर थांबा. व्हिडिओला लाइक करून कमाईचंही गणित हेच.

१७. माझ्या नावावर दुसऱ्या कोणी सिम घेतलंय का?

"संचार साथी" या सरकारी वेबसाईटवर तुमच्या नावावरचे नंबर दिसतात. ओळखीचा नसेल तो तिथेच नोंदवा. एका माणसाला आपल्याकडे नऊपर्यंत सिम घेता येतात. फोन हरवला तर तो बंद करायची सोयही तिथेच आहे.

१८. मी इंदूरला, विकणारा दिल्लीचा, वस्तू मुलाच्या पत्त्यावर पुण्याला. तक्रार कुठे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे इंदूरलाच. ५ लाखांपर्यंत दिलेल्या किमतीच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही देता येते. त्याआधी १९१५ करून बघा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. हा पैशांचा गुन्हा असेल तर प्रश्न ११. १९३० देशात कुठूनही चालतो.

१९. आई एकटी राहते. तिच्याकडून स्मार्टफोन काढून घेऊ का?

नका काढून घेऊ. त्याच फोनवर ती नातवंडं बघते आणि औषधं मागवते. फोन राहू दे, पैसे लांब ठेवा. ठेवींचं आणि पेन्शनचं खातं यूपीआयला जोडायचंच नाही. दुसरं एक खातं, त्यात महिन्याचे चार-पाच हजार, यूपीआय फक्त त्यालाच. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बंद करता येतात, ते करा, मर्यादाही कमी करा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठ्याच्या ठशाने कोणी पैसे काढणार नाही. रेशन किंवा सिमसाठी अंगठा लागेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं.

माझ्या सासूबाईंच्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. त्यावर जाड स्केचपेनने १९३०, बँकेचा नंबर, माझा नंबर आणि खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं आहे: "कोणाला सांगू नका म्हणाला की आधी सुनेला सांगायचं."